उजव्या कोपऱ्यातली माती

पहिली बल्ली पूजेच्या कोपऱ्यात ठोकायची आणि ती जशी बसेल त्या हिशेबानं बाकीच्या सगळ्या, ही आमच्या कालव्यावरची रीत. घरं बांधणाऱ्या साऊकाकांच्या माणसांनी डाव्या पुढच्या कोपऱ्यात चामच्या, म्हणजे चिखलात न कुजणाऱ्या लाकडाची चार मीटरची बल्ली उभी केली आणि मोगरी हाणायला सुरुवात केली. मी मोजत होते. बेचाळीस घाव! शेवटी साऊकाकांनी तिला लाथ मारून पाहिली.

"हलत नाही वहिनी! नऊच्या आत चारही कोपरे उरकतो."

आईचा जीव घड्याळात अडकला होता. मुहूर्त नऊपर्यंतचाच. आमचं जुनं घर दोन वर्षांपूर्वी काठासकट नदीत गेलं, तेव्हापासून आम्ही बा मावशीच्या मागच्या खोलीत राहतो. हे नवं घर तिच्याच बागेत. हे जर कललं, तर तिसरं बांधायची ताकद आईत उरलेली नाही.

आणि ते कलणार होतं! मला कालच कळलं होतं. शाळेत यीप बाईंनी मातीचा धडा शिकवला, तेव्हापासून मला दुसरं काही सुचत नाही. चारही कोपऱ्यांत मी प्लास्टिकचा पाइप दीड मीटर घुसवून माती काढली होती.

"काका, थांबा!" मी दोन्ही हातांत दोन गोळे घेऊन पुढे झाले. "हा डावीकडचा."

तळहातावर वळला. शेवईसारखी बारीक वळी झाली, तुटेना.

"अस्सल चिकणमाती. आता हा उजवीकडचा." तो वळायला गेले तर भुगा! मग पाणी घालून तळहातावर ठेवला आणि हात दुसऱ्या हातावर आपटला. गोळा आरशासारखा चमकला. दाबला, तर चमक गायब. "पाहिलंत? हा गाळ आहे. वरचा हातभर थर तेवढा चांगला!"

"वा, ख्वे बाई," साऊकाका म्हणाले, "शेवया झाल्या, आता रस्सा कधी?"

सगळे फिदीफिदी हसले. माझे कान तापले, पण मी हलले नाही.

"तिकडे जुनी चर होती ना, मावशी? पपनसं भरायला होडी आत यायची ती?"

"होती की. चांगली दोन पुरुष खोल. पण बुजवून पाच वर्षं झाली," मावशी म्हणाली. "नदीतला गाळच टाकला होता. आता त्यावर केळी लागल्यात, घड धरलेत! जमीन बसल्याशिवाय का?"

"केळीला मऊच आवडतं. केळीच्या डोक्यावर कुणी कौलं चढवलीत का?"

"ख्वे!" आई ओरडली. "मोठ्यांशी असं बोलतात?"

"आई, नंतर कळलं तर मुहूर्त गेलेला असेल. आधी एकच बल्ली. उजवीकडे. घट्ट बसली तर महिनाभर सगळ्यांना बर्फाची कॉफी मी करून देईन. रोज!"

"दूध जास्त घालणार?" मोगरीवाला म्हणाला.

"घालीन!"

साऊकाकांनी आईकडे पाहिलं. आई घड्याळाकडे. मग ती हळूच म्हणाली, "ठोका हो एक. माझ्यासाठी."

बल्ली उभी केली. पहिल्या घावाला ती हातभर गेली. दुसऱ्याला आणखी. चौथ्याला मोगरीवाल्याचा तोल गेला. नवव्याला बल्लीचं वरचं टोकही चिखलात बुडालं आणि वर नुसते बुडबुडे आले.

कुणी हसलं नाही. मला मात्र ओरडावंसं वाटत होतं!

साऊकाका उकिडवे बसले. भोकात हात घालून माती काढली, तळहातावर घेतली, दुसऱ्या हातावर आपटली. चमकली. पुन्हा आपटली.

"चाळीस वर्षं," ते म्हणाले, "मी फक्त पूजेचा कोपरा ठोकून घराची जागा पक्की धरतोय." मग ताडकन उठले. "दोऱ्या सोडा रे! घर तीन मीटर डावीकडे!"

"माझं पपनस!" मावशी किंचाळली. डावीकडे तिचं लाडकं झाड होतं.

"झाड दुसरं लावता येतं," आई म्हणाली. ती मावशीकडे वळली. "बा, मला एकदा तरी न हलणारं घर दे."

मावशीनं झाडाकडे पाहिलं, आईकडे पाहिलं. "आधी पिकलेली काढून घेऊ द्या मेल्यांनो," म्हणाली आणि पपनसं भरायला टोपली शोधत धावली.

मग जी पळापळ! आठ वाजून वीस मिनिटं. कुणी दोऱ्या ओढतंय, कुणी खुंट्या मारतंय, उकडलेलं बदक आणि उदबत्त्या घेऊन आई नव्या कोपऱ्याकडे पळतेय, आणि मी पाइप घेऊन एका कोपऱ्यातून दुसऱ्या कोपऱ्यात. पहिला चिकण. दुसरा चिकण. तिसरा चिकण. चौथा, चरीच्या सगळ्यात जवळचा. नऊला आठ मिनिटं उरली.

"आधी हिचा हात, मग मोगरी," साऊकाकांनी माणसांना बजावलं.

मी माती वळायला घेतली. बोटभर जाड, मग काडीएवढी, मग शेवईएवढी. चीर पडली नाही. आई उदबत्त्या हातात घेऊन वाकून बघत होती.

"तुटली नाही!" मी ओरडले. "हाणा!"