आत गेलेली पहिली ओळ

मी बोलतोय. बाबलीच्या खिशातून बोलतोय, म्हणून आवाज जरा दबलेला वाटेल. तसा मी साधा कागद. रक्ततपासणीचा एकपानी रिपोर्ट. माझ्यासारखे रोज शेकड्याने छापले जातात, पिशव्यांत जातात, विसरले जातात. मीही विसरला गेलो असतो तर फार बरं झालं असतं.

पेडण्याच्या बाजारातल्या एका छोट्या लॅबमध्ये माझा जन्म झाला. त्याआधी मी छपाईयंत्राच्या ट्रेमध्ये कोराच पडून होतो. समोर बाबली नातीला मांडीवर घेऊन बसला होता; गावच्या डॉक्टरीणबाईने पोर फिकट दिसते म्हणून रक्त तपासायला लिहून दिलं होतं. नात तनया, सव्वादोन वर्षांची. लॅबमधल्या गौरवीने तिच्या हातात सुई घातली. मुलं सुई बघून लॅब डोक्यावर घेतात. ही नुसती कुरकुरली आणि आजोबाच्या छातीवर मान टाकून पडून राहिली.

"किती शाणी गो माझी बाय!" बाबली कौतुकाने म्हणाला.

ते शहाणपण नव्हतं, बाबली. तिच्यात रडायला त्राण नव्हतं. पण तेव्हा मी कोरा होतो, मला तरी काय कळणार?

तासाभराने मी छापून बाहेर पडलो. पहिल्याच ओळीत लिहिलं होतं, हिमोग्लोबिन ५.२. या वयाच्या मुलाला अकरा तरी हवं. शेजारी खाली तोंड केलेला बाण होता. पुढच्या ओळींत तांबड्या पेशी लहान आणि फिक्या झाल्याचं होतं. आणि अगदी तळाला प्लेटलेट्स, पाच लाख बासष्ट हजार. तिथे बाण वर तोंड करून होता.

गौरवीने मला वाचलं आणि तिचा चेहराच उतरला. फॉर्मवरच्या नंबरावर तिने तीनदा फोन लावला. नंबर तनयाच्या बापाचा, सुदेशचा. तो बोटीवर नोकरीला आणि बोट भर समुद्रात. चौथ्यांदा लावणार तोच पुढच्या पेशंटचं पोर किंचाळायला लागलं. ती आत धावली आणि काउंटरवरच्या माणसाने मला पाकिटात घालून बाबलीच्या हाती दिलं. "डॉक्टरांना दाखवा," एवढं म्हणायला तो चुकला नाही. ते तो सगळ्यांनाच म्हणतो.

आता बाबलीविषयी सांगतो. केरीच्या धक्क्यावरून तेरेखोलला जाणाऱ्या फेरीबोटीवर त्याने तीस वर्षं दोर टाकले. वाड्यावर त्याच्या शब्दाला वजन. गेल्या वर्षी सुदेशला डेंग्यू झाला, तेव्हा चौदा दिवस बाबली इस्पितळाच्या व्हरांड्यात बसून होता. रोज रिपोर्ट यायचा आणि रोज एकच आकडा विचारला जायचा. प्लेटलेट किती? अठरा हजारांवरून ते चढत चढत दीड लाखावर गेले आणि सुदेश घरी आला. तेव्हापासून अख्ख्या वाड्याला रक्तातलं एवढं एकच कळतं. ताप कुणाला येवो, चक्कर कुणाला येवो, विचारायचं ते प्लेटलेट.

बाबलीने लॅबच्या पायरीवरच चष्मा चढवला. त्याची नजर माझ्यावरून सरसर खाली उतरली. वरच्या ओळींवर ती थांबलीच नाही. तळाशी गेली आणि त्याचा चेहरा असा उजळला की मला त्याचा राग येईना आणि दयाही येईना.

मी ओरडत होतो हो! वर बघ, पहिल्या ओळीवर बघ! पण कागदाचं ओरडणं ते केवढं? वाऱ्यावर फडफडलो, एवढंच. त्याने मला चापून घडी घातली. प्लेटलेट्सची ओळ बाहेर, म्हणजे वाटेत कुणी विचारलं तर दाखवायला बरं. पहिली ओळ आत गेली.

वाटेत विचारणारे भेटलेच.

"प्लेटलेट किती रे बाबली?"

"पाच लाख बासष्ट हजार! सुदेशाचे अठरा झाल्ले, हिचे बघ! भियाचा काय नाय."

घरी प्रिया, तनयाची आई, विमानतळावरची ड्युटी संपवून आली होती. तिला इंग्रजी वाचता येतं. तिने मला हातात घेतलं तेव्हा मला वाटलं, सुटलो! पण वर आलेली घडी तीच होती. तिने तळची ओळ वाचली, वरचा बाण पाहिला.

"बाबा, तरी डॉक्टरीणबाईक दाखवूक नको?"

"अगो, गणपतीची चवथ तोंडार इली. ती पण रजेर गेली आसतली. चवथ झाली की जाव."

सासऱ्याने नवऱ्याला मरणाच्या दारातून आणलेलं तिने पाहिलं होतं. तिने मान डोलावली आणि मला रेशनकार्डाच्या पिशवीत ठेवलं.

पिशवी खिडकीच्या खिळ्याला टांगलेली असायची. तिथून मी सगळं बघत होतो. बाबली घरच्या गाईचं दूध नातीला बाटलीने पाजायचा. सकाळी, दुपारी, संध्याकाळी, मागेल तेव्हा. पोट दुधानेच भरायचं, मग भात नको, भाजी नको, फार तर चहात बुडवलेल्या उंडे पावाचा तुकडा. दुधात लोह नसल्यातच जमा, पण ते घरात कुणाला ठाऊक नव्हतं. मधूनच ती भिंतीचा चुना नखाने खरवडून खायची; रक्त कमी झालेली मुलं असं करतात, पण घर हसायचं. चवथीला गणपतीच्या डोक्यावर माटोळीची फळं बांधली, काकड्या, तोरिंगं, सुपारीचे घोस. शेजारची पोरं त्याखाली उड्या मारत होती. तनया खाली बसून बघत होती. मग तिने दोन्ही हात वर केले.

"आजो, उखल."

बाबलीने तिला उचललं. तिने एका काकडीला बोट लावलं आणि तेवढ्यानेच दमून त्याच्या खांद्यावर मान टाकली. तिचे ओठ कागदासारखे पांढरे होते, हे कागद असून मला दिसत होतं.

विसर्जनाच्या दुसऱ्या दिवशी तिला ताप भरला. छाती भात्यासारखी वरखाली व्हायला लागली. बाबलीने पिशवी ओढली, मला खिशात कोंबलं आणि रिक्षा, मग रुग्णवाहिका करत ते पणजीकडच्या मोठ्या इस्पितळात पोचले.

तिथल्या डॉक्टरांनी मला पूर्ण उघडलं. इतक्या दिवसांत पहिल्यांदाच. त्यांचं बोट थेट पहिल्या ओळीवर गेलं.

"हा कागद कधीचा?"

"चवथीच्या आदलो. पण डॉक्टर, प्लेटलेट बरे आसत..." बाबली म्हणाला.

"आजोबा, प्लेटलेट डेंग्यूत बघायचे. अंगात लोह कमी पडलं की ते असे वाढतातही. मुलीच्या अंगात रक्तच उरलेलं नाही. तेव्हाच आणली असती तर औषधाने..." वाक्य अर्धंच टाकून ते रक्त मागवायला वळले.

रक्त चढवायला घेतलं. थेंब थेंब, अगदी जपून. पण फुप्फुसात न्यूमोनिया आणि इतके महिने पाण्यासारखं रक्त ढकलून थकलेलं ते एवढंसं काळीज. दुसऱ्या दिवशी दुपारी ते थांबलं.

प्रिया कुणावर ओरडली नाही. तिने फक्त एवढंच म्हटलं, "मी घडी उलगडूक व्हयी होती." तिने दोष स्वतःकडे घेतला आणि बाबलीला तेच सोसवेना. तिने त्याला शिव्या दिल्या असत्या तर त्याला हलकं वाटलं असतं.

आता दर महिन्याच्या लसीकरणाच्या दिवशी बाबली अंगणवाडीच्या पायरीवर जाऊन बसतो. रिपोर्ट घेऊन कुणी आई आली की उठून उभा राहतो. परवा कमल नावाची बाई आली होती, कडेवर फिकुटलेला मुलगा. तिने नेहमीचाच प्रश्न केला, "आजोबा, प्लेटलेट बघा मा जरा."

"बाय, पयली वळ वाच. खालची मागीर. आणि आजच्या आज डॉक्टरणीक दाखव."

असं म्हणून त्याने मला खिशातून काढलं आणि माझ्या पहिल्या ओळीवर बोट ठेवलं. आता तो माझी घडी उलटी घालतो, पहिली ओळ बाहेर. कमलला त्याने पायरीवर टेकूही दिलं नाही, तिथून थेट आरोग्यकेंद्रात धाडलं.

मी झिजलोय. घड्यांवर फाटलोय. माझ्यासारखा कागद तुमच्या घरी आला तर एवढं करा, त्याची घडी उलगडा आणि कळणाऱ्याच्या हातात द्या. मला आता काही सांगता येणार नाही. बाबलीचं बोट फिरून फिरून माझी पहिली ओळ पार पुसली गेली आहे. खालचे पाच लाख बासष्ट हजार मात्र अजून स्वच्छ दिसतात.