गाठीतली सरकी

माझ्या यंत्रात दूध घातलं, तर पाणी डावीकडे पडतं आणि दूध उजवीकडे. हिंगणघाटला येऊन कुणीही पाहावं. यंत्र तसं साधंच, कापसातून सरकी काढणारं. दोन रूळ फिरतात, रुई एकीकडे पडते, सरकी दुसरीकडे. पण मी, डोमाजी मिस्त्री, ते रूळ असे बसवलेत की काहीही वेगळं होतं. एका नवरदेवाला त्याच्या आईपासून वेगळं करून दिलं, दोघंही धडधाकट घरी गेले. एका पुढाऱ्याचं भाषण घातलं, तेव्हा मात्र दोन्ही बाजू कोऱ्या राहिल्या. त्यात यंत्राचा दोष नव्हता.

फाटकावर मी पाटीच लावली आहे: ‘ज्या दिवशी वेगळं होणार नाही, त्या दिवसापासून जिनिंग कायमचं बंद.’

या पाटीवर गिरजाबाई तेवढी नाराज असते. तीस वर्षं तीच यंत्रात कापूस घालते. “पैज तुमची मिस्त्री, अन् पोट माह्यं,” म्हणते.

भर दुपारी मुंबईहून दोन प्राध्यापक आले, हळबेबाई आणि मुतालिकसर. हातगाडीवर अमेरिकेतल्या गुलामांनी पिकवलेल्या रुईची एक जुनी गाठ होती. तिला समुद्राचा वास येत होता.

“गुलामांच्या पाठीवर भांडवल उभं राहिलं,” हळबेबाई म्हणाल्या.

“ते उभं राहिलं यंत्रांवर आणि अकलेवर,” मुतालिकसर म्हणाले. “गुलामगिरी हे त्याच्या गळ्यातलं लोढणं. त्यानंच ते काढून फेकलं.”

“बावीस वर्षं आमचं हेच चाललंय,” बाई मला म्हणाल्या. “मी निवृत्त व्हायच्या आत या गाठीतलं भांडवल आणि गुलामगिरी वेगळं करून द्या.”

“पण गाठीत नुसती रुई असते,” मी म्हणालो. “सरकी काढल्याशिवाय गाठ बांधतच नाहीत.”

“हेच तर मी सांगतोय,” सर म्हणाले.

“काढलीय, असं ते सांगतायत,” बाई म्हणाल्या.

गिरजाबाईनं गाठ सोडली आणि पहिली मूठ घातली. रुईच्या बाजूला एक धुराडं पडलं, मग एक गोदी, मग एक बँक, आतल्या कारकुनासकट. सगळं मऊ आणि पांढरं. सरकीच्या बाजूला माणसं पडू लागली. आधी बोटाएवढी, मग अंग झटकून पुरी उंच. त्यांना जागा व्हावी म्हणून शेड लांबत गेली. तासाभरात तिचं पलीकडचं टोक दिसेनासं झालं.

दोन्ही वेगळं झालं म्हणून सर खूश होते. एवढ्यात गिरजाबाई म्हणाली, “हे काई सुटलं नाई जी.”

मी वाकून पाहिलं. प्रत्येकाच्या खांद्यातून रुईचा धागा निघून पलीकडच्या ढिगात गेला होता. मी कात्री घेतली आणि एक कापला. तिकडे धुराडं खाली बसलं.

“योगायोग,” सर म्हणाले. “ते दुसऱ्या कशावरही उभं राहिलं असतं.”

आणि खरंच, धुराड्यानं शेजारचा धागा पकडला आणि ते उठून उभं राहिलं.

“पाहिलंत?”

“पाहिलं,” बाई म्हणाल्या. “तोही खांद्यातूनच आलाय.”

मी घाबरलो नाही. रूळ आणखी आवळायला घेतले. सरकीच्या बाजूची एक बाई माझ्या शेजारी येऊन उभी राहिली.

“यंत्र तुमचं?”

“माझंच. पणजोबांनी आणलं. तिकडे अमेरिकेत गुलामांवरून लढाई पेटली, तिथला कापूस थांबला, तेव्हा इकडच्या कापसाला भाव आला.”

“आम्ही थांबलो तेव्हा,” ती म्हणाली आणि यंत्राच्या पायापाशी बोट दाखवलं. तिथूनही एक धागा निघाला होता. तो माझ्या सदऱ्यापर्यंत आला होता.

“मिस्त्री, तो तुमच्यापाशी थांबला नाई,” गिरजाबाई म्हणाली. “पाठीतून पुढं गेलाय.”

“कुठे?”

“माह्या खांद्यात.”

दोन्ही प्राध्यापक वाकले. बावीस वर्षांत पहिल्यांदाच त्यांचं एकमत झालं. “आधी हाच घाला.”

“मी काई गुलाम नाई जी,” गिरजाबाई त्यांना म्हणाली. “मले मजुरी भेटते. मनात आलं त उद्या सोडून जाईन.”

“बरोबर,” सर म्हणाले.

“कुठे जाल?” बाईंनी विचारलं.

गिरजाबाईनं फाटकावरच्या पाटीकडे पाहिलं, मग माझ्याकडे.

“होईल वेगळं?”

“माझ्या यंत्रात सगळं होतं,” मी म्हणालो.

“अन् नाई झालं त यंत्र बंद.”

“बंद.”

तिनं धागा मधोमध धरला आणि रोजच्या सवयीनं रुळांत सोडला. रुळांनी तो घेतला. धागा दोन्हीकडून ताणला गेला, आणि आम्ही दोघं, ती त्या बाजूनं आणि मी या बाजूनं, एकेक पाऊल यंत्राकडे चालू लागलो.