माशाच्या पोटातले मोती

हाज मिस्बाहने बोय माशाचं पोट चिरलं आणि आतून पांढरे चकचकीत दाणे टपटप तबकात पडले. सिदी मर्झूकच्या दर्ग्यासमोर जमलेल्या बायकांनी किलकारी दिली.

"मोती! शिंपल्यातला मोती श्रीमंताचा, माशातला गरिबाचा!" हाज गर्जला. "सकाळी उपाशीपोटी गिळा. साखर जाईल, सांधे सुटतील, कूस उजवेल. मात्र डॉक्टरच्या गोळ्या बंद! एका देहात दोन वैद्य नांदत नाहीत!"

त्या वर्षी आमच्या आखातात मासे रोडावले होते. डोकं मोठं, अंग चिपाड. हाजकडे त्याचंही उत्तर होतं: "पोटात बरकत असल्यावर त्यांना भूक कशाला लागेल?"

माझी धाकटी बहीण शाद्लिया रोज ते दाणे गिळायची. तिची आधीची बाळं पोटातच गेली होती. आता सातवा महिना होता, रक्तदाब वाढलेला होता, आणि तिने गोळ्या सोडल्या होत्या.

"अगं, हे आहे तरी काय, ते विचार त्याला," मी म्हणाले.

"ताई, नाट लावू नकोस. एवढं बाळ तरी जगू दे माझं."

एके दुपारी तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली, पाय सुजून खांबासारखे झाले. दवाखान्यात डॉक्टर सुंदुसने धावपळ करून रक्तदाब उतरवला. मग शाद्लियाच्या पदराच्या गाठीतला दाणा तिने बोटांत धरून पाहिला. तिचा चेहरा उतरला.

"पाइप ओतायच्या कारखान्यात असे दाणे पोत्यांनी येतात," ती म्हणाली. "प्लास्टिक आहे हे."

गुरुवारी मी आणि डॉक्टर दर्ग्यापाशी गेलो. डॉक्टरने सुई तापवून दाण्यात खुपसली. दाणा वितळला, सुईबरोबर लांबलचक तार निघाली. जळक्या पिशवीचा वास गर्दीत पसरला.

"मोती असा वितळतो का हो, हाज?"

"अविश्वासाच्या आगीत काहीही वितळतं, पोरी!"

गर्दीतून फर्जानीकाका पुढे आले. त्यांची होडी नुकतीच लागली होती. टोपलीतला बोय त्यांनी तबकात टाकला. "मग माझा मासा कापा. का माझ्या जाळ्यातला सिदींना चालत नाही?"

हाज चुळबुळला. काकांनी स्वतःच सुरी चालवली. एकही दाणा नाही. मग डॉक्टरने हाजच्या टोपलीतला मासा उचलला आणि पोटाऐवजी घसा उघडला. तिथे दाण्यांचा बोळा अडकला होता, घशाची आतली कातडी खरवडून निघाली होती. टोपलीच्या तळाशी बोरूची पोकळ नळी होती, आणि नळीत आणखी दाणे.

"अरे चोरा!" कुणीतरी ओरडलं. गावच्या बंद पडलेल्या पाइप-कारखान्याच्या नाल्याकाठी असेच दाणे वाळूत विखुरलेले असतात, हे मग एकेकाला आठवू लागलं. हाज दर्ग्याच्या मागच्या दाराने सटकला.

फर्जानीकाका छाती काढून म्हणाले, "बघा, माझा मासा स्वच्छ!"

डॉक्टर हसली नाही. तिने त्यांच्या माशाचं आतडं शाळेत नेऊन सूक्ष्मदर्शकाखाली ठेवलं. काका वाकले आणि बराच वेळ उठलेच नाहीत. निळे तंतू. लाल कपचे. धुळीएवढे पारदर्शक तुकडे.

"हा निळा... माझ्या जाळ्याचा रंग आहे," ते पुटपुटले. "हे कुणी भरलं?"

"कुणीच नाही, काका. आपण सगळ्यांनी. पिशव्या, बाटल्या, जाळी झिजतात, तुकडे मासे गिळतात. पोट भरल्यासारखं वाटतं, अंगी काही लागत नाही."

"आणि आम्ही मासे खातो," मी म्हणाले. "आम्हाला काय होतं?"

"माणसाच्या रक्तात सापडलंय. बाळाला पोसणाऱ्या वारेतही." ती शाद्लियाचं नाव न घेता म्हणाली. "नेमकं काय बिघडतं ते अजून शोधतायत. पण कळलेलं नाही म्हणजे बाधत नाही, असं समजू नका."

शाद्लियाला मुलगी झाली, वेळेआधी, तळहातावर मावेल एवढी. ती जगली. तिच्या आत काय आहे, हे कुणी सांगू शकत नाही.

हाजला पळवणं सोपं होतं. तो दिसत होता. समुद्रात जे पसरलंय ते दिसत नाही, आणि त्याला पळवायला दर्ग्यासमोरची गर्दी पुरणार नाही. म्हणून सांगते: तोंडात घालाल ते काय आहे, कुठून आलं, हे विचारा. पाण्यात टाकाल ते कुठे जाईल, हेही विचारा. गोळ्या डॉक्टरला विचारल्याशिवाय सोडू नका. आणि नाल्याकाठचे ते दाणे अजून तिथेच आहेत. भरतीचं पाणी तिथवर येतं. पुढच्या भरतीआधी ते वेचायला टोपल्या घेऊन चला.