ओट्यासमोरची खिडकी

गवंड्याने ओट्यासमोरच्या भिंतीवर खडूने चौकोन आखला आणि मागे सरकून तिच्याकडे पाहिले.

“एवढी पुरेल?”

तिच्या आधी नवराच बोलला. “अजून मोठी करा. ओटा आहे तिथपर्यंत.”

लग्न होऊन या घरात आल्यापासून ती या खिडकीसाठी त्याच्या मागे लागली होती. भर दुपारी दिवा लावून भाजी चिरावी लागते, हे तिने परोपरीने सांगून पाहिले, भांडूनही पाहिले. धूळ येईल, भिंत कमकुवत होईल, पुढच्या वर्षी बघू, असे म्हणत त्याने दर वेळी विषय टोलवला. शेवटी तिने तो नाद सोडला; त्यामागोमाग आणखीही बरेच नाद सुटले. आता दोघांनी वेगळे व्हायचे ठरवले होते, आणि घर विकायचे होते. दलालाने घरभर नजर फिरवून सल्ला दिला, न्हाणीघराच्या महागड्या फरशीत पैसे घालू नका, स्वयंपाकघरात उजेड आणा, गिऱ्हाईक तिथेच पाघळतं. नवऱ्याने त्याच दिवशी गवंडी बोलावला.

भिंत फुटली. शेजारच्या परसातले पेरूचे झाड दिसू लागले, सकाळचे ऊन थेट ओट्यावर येऊ लागले. तिला राग यायला हवा होता. पण चहाचा कप घेऊन ती तिथेच रेंगाळायची.

पुढच्या रविवारी एक जोडपे घर पाहायला आले. नवऱ्याने हौसेने तावदाने सरकवून दाखवली. पाहुणी ओट्याशी उभी राहिली ती हलेचना.

“इतकं छान घर. का सोडताय?” पाहुणीने विचारले.

नवऱ्याने उघडलेले तावदान पुन्हा लावून घेतले.

“खिडकी मागच्याच आठवड्यात झाली,” ती म्हणाली.

पाहुणीने तिच्याकडे पाहिले, मग बाहेरच्या खोलीत पावलांनी लांबी मोजणाऱ्या आपल्या नवऱ्याकडे.

संध्याकाळी दलालाचा फोन आला. मंडळी तयार होती, घासाघीस न करता. नवरा फोनवर हात धरून स्वयंपाकघरात आला.

“नाही म्हणून सांगू का?”

तिने हातातली पळी खाली ठेवली.

“हो म्हण,” ती म्हणाली, आणि त्यालाही बाहेरचे दिसावे इतपत बाजूला सरकली.