करंट गेला की

वडगावातल्या त्या गल्लीत घरोघरी माग, त्यामुळं दिवसभर नुसता खडखडाट. नव्या माणसाचं डोकं उठावं. मंगलला मात्र अलीकडं त्या आवाजातच धीर वाटायचा.

गेल्या महिन्यात ती साड्यांचा गठ्ठा घेऊन स्कूटरवरून निघाली होती. हायवेवर एका ट्रकनं करकचून ब्रेक मारला आणि तो तिच्या खांद्यापासून वीतभर अंतरावर थांबला. तिला खरचटलंसुद्धा नाही. पण त्यानंतर सगळं जे चिडीचूप झालं, ते तिच्या कानांतून काही गेलं नाही.

"लागलं न्हाय न्हवं? मग विसर की," जो तो म्हणायचा. विसरायला ते काय आमटीतलं मीठ होतं?

आज दुपारी करंट गेला आणि अख्ख्या गल्लीतले माग एकदम थांबले. मंगलची बोटं ब्रेक दाबल्यासारखी आवळली. श्वास अडकला.

"आत्या, कसला तरी आवाज करा!"

तिची सासू बाळाबाई काही न विचारता कोपऱ्यातल्या जुन्या हातमागावर बसली. त्यावर सूतही नव्हतं. ती रिकामाच माग चालवू लागली. खट्, खट्, खट्. मंगलला श्वास आला.

"थांबू नका हं, आत्या."

"न्हाय थांबत गं."

पण करंट यायचं नाव घेत नव्हता, आणि म्हातारीचे हात थकत चालले होते. प्रत्येक खट् आधीच्यापेक्षा उशिरा येत होता.