धुतलेली झाकणं

रोपवाटिकेतली रोपं दुपारपासून माना टाकून उभी होती. हौदात पाणी काठोकाठ होतं, पण ते वाफ्यांपर्यंत चढवायचं तर पंप हवा, आणि पंपाला पेट्रोलात कालवलेलं तेल हवं. तेल होतं. तेच तर दुखणं होतं. फडताळात सरबताच्या चार जुन्या बाटल्या ओळीने उभ्या, चारींत तेल, आणि कुठलं कशाचं ते छातीठोकपणे सांगणारा एकच माणूस.

"तांबड्या झाकणाचं पंपाचं," बाबा म्हणाले. "पिवळ्याचं जनरेटरचं, पांढऱ्याचं करवतीच्या साखळीचं, निळ्याचं जॅकचं. यात विचारायचं काय?"

"आईने झाकणं धुतली, बाबा."

बाबांनी चष्म्यावरून आईकडे पाहिलं. आई शेंगा सोलत होती.

"फळीला चिकटत होती," ती म्हणाली. "गरम पाण्यात टाकली सगळी. मग ज्याला जे घट्ट बसलं ते लावलं. लग्नंसुद्धा अशीच जमवतात."

लेकीने कपाळाला हात लावला आणि तिथे तेलाचा टिळा उमटला. तेल आणलं की बाटल्यांत ओतून डबे भंगारात द्यायचे, कारण डब्यांतून नीट धार पडत नाही, ही बाबांची रीत. बाटल्यांवर नाव लिहायचं नाही, कारण डोकं शाबूत आहे, हीसुद्धा त्यांचीच. मागे चुकीच्या तेलाने पंप जाम झाला तेव्हा मिस्त्रीने भाजून ओरखडलेला पिस्टन तिच्या हातावर ठेवून म्हटलं होतं, "ताई, पुढच्या वेळी माझ्याकडे नका आणू. यात सरळ फुलं लावा." त्यामुळे आता पंपाला चुकीचं तेल पाजायची सोय नव्हती, आणि न पाजायचीही. उन्हाने तापलेल्या मातीत कोवळी मुळं शिजत चालली होती.

तिने चार वाट्यांत चार धारा सोडल्या. बोटावर घेऊन ताणलं तशी एकीतून कोळ्याच्या धाग्यासारखी तार निघाली. ते साखळीचं. दुसरं बोटावरून पाण्यासारखं निथळलं. ते जॅकचं. उरली दोन, दोन्ही मधाच्या रंगाची, जुळ्या बहिणींसारखी. काचेच्या बरणीत पेट्रोल घेऊन कालवून पाहिली, तर दोन्ही निमूट विरघळली.

"आता नाकाचं काम," बाबा म्हणाले आणि पुढे सरसावले. एक वाटी नाकाशी नेली, डोळे मिटले, गाणं आठवावं तशी मान हलवली. "हे. हे पंपाचं. भर बिनधास्त."

ती भरणारच होती. पेट्रोलचा डबा उचलला होता. पण त्यांनी दुसरी वाटी हुंगलीच नव्हती, ते तिला खटकलं. तिने पाठ करून वाट्यांची अदलाबदल केली.

"पुन्हा एकदा सांगा."

"किती वेळा सांगू?" त्यांनी हुंगलं. "हेच."

ते दुसरं होतं.

"बाबा, ही वाटी बदलून ठेवली होती मी."

"माझी परीक्षा घेतेस?"

"घेते. रोपं मरतायत तिकडे."

आईच्या हातातली शेंग तशीच राहिली. "अहो," ती हळूच म्हणाली, "परवा दूध करपून धूर निघाला, तुम्ही शेजारी पेपर वाचत होतात. मला वाटलं, मुद्दाम उठला नाहीत."

बाबांनी वाटी खाली ठेवली, अगदी सांडू नये अशी. मग म्हणाले, "मागे सर्दी झाली ना, तेव्हापासून गेलाय वास. येईल परत, म्हटलं."

लेकीला इतका वेळ साठवलेला राग कुठे ठेवावा ते कळेना. तो हातातल्या भरल्या घागरीसारखा झाला, टेकवायला जागा नाही.

"दोघं मग्याने पाणी घाला. सावलीकडची राहू देत, आधी उन्हातली," ती म्हणाली आणि सायकल काढली.

बाजारातून ती सीलबंद डबा घेऊन आली तेव्हा दोघं चिखलात उभी होती. निम्मी रोपं हिरवी, निम्मी अजून वाकलेली. तिने सील फोडलं, मापाने तेल कालवलं. उरलेलं तेल ओतायला बाबांचा हात सवयीने कोपऱ्यातल्या एका रिकाम्या बाटलीकडे गेला. तिने नुसतं पाहिलं. हात मागे आला.

"या डब्याचं झाकण चिकट झालंय," आई म्हणाली. "धुऊ का?"

"हात लावू नकोस," बाप-लेक एकदम म्हणाले.

दोरी ओढल्यावर पंप खोकला, रुसला, मग तालात धडधडू लागला. पातळ निळा धूर वाफ्यांवरून सरकला. बाबांनी सवयीने श्वास ओढला आणि लेकीकडे पाहिलं.

"वास बरोबर आहे का गं?"

"आहे," ती म्हणाली. "पाइप धरा आधी, माती वाहून चाललीय."