नोंद आणि शिफारस

माहिती तंत्रज्ञान सल्लागार समितीचं इतिवृत्त गेली अकरा वर्षं ताईच लिहीत होती. समिती फक्त सल्ला देते, निर्णय सचिव घेतात. पण ‘समितीने शिफारस केली’ असं इतिवृत्तात असेल तरच फाइल सचिवांपुढे जाते. ‘समितीने नोंद घेतली’ असं असलं, की ती कपाटात.

बुधवारच्या बैठकीत तिच्या धाकट्या बहिणीने प्रस्ताव मांडला : सगळ्या सरकारी दवाखान्यांत रुग्णाला एकच क्रमांक. धाकटीला या खात्यात प्रोग्रॅमर म्हणून लागून दोन वर्षंही झाली नव्हती. अध्यक्ष, एक निवृत्त प्राध्यापक, एरवी डुलक्या काढायचे. त्या दिवशी चष्मा पुसून ऐकत होते.

“एकमताने शिफारस!” ते म्हणाले आणि ताईकडे वळले. “बहीण तुमच्यावर गेलेली दिसत नाही.”

सगळे हसले. ताईही हसली. हाच प्रस्ताव सहा वर्षांपूर्वी तिने मांडला होता, याच टेबलावर.

दुपारी तिने मसुद्यात लिहिलं : समितीने नोंद घेतली. सात दिवसांत हरकत आली नाही, तर मसुदा कायम होतो. हरकत घ्यायला तो आधी वाचावा लागतो.

सहाव्या दिवशी धाकटी कागद घेऊन आली.

“ताई, नोंद घेतली म्हणजे मंजूरच ना गं? मी सगळ्यांना सांगत सुटलेय.”

‘हो’ म्हणायचं ताईने ठरवून ठेवलं होतं. “नाही,” ती म्हणाली. “म्हणजे कपाट.”

“अगं, पण सर तर शिफारस म्हणाले!” धाकटी थांबली. तिला कळलं. कागद टेबलावर ठेवत तिने विचारलं, “तुझ्या प्रस्तावाचं इतिवृत्त कोणी लिहिलं होतं?”

“मीच.”

“काय लिहिलंस?”

“जे झालं ते. नोंद घेतली.”

“तेव्हा नाही बदललंस?”

ताईने कीबोर्ड ओढला आणि शुद्धिपत्रक टाइप केलं : ‘नोंद घेतली’ऐवजी ‘शिफारस केली’ असे वाचावे.

“कारण टायपिंगची चूक लिही,” धाकटी हळूच म्हणाली. “मी कुठे बोलणार नाही.”

“मोठेपणाही तूच घे आता!”

ताईने कारणाच्या रकान्यात लिहिलं : लिहिणारीने हेतुपुरस्सर केलेला बदल.

“ताई, वेडी आहेस का? चौकशी लागेल!”

ताईने शुद्धलेखन एकदा तपासलं आणि पत्रक सगळ्या सदस्यांना पाठवून दिलं.